आमची वाटचाल : सहा गाळे आणि एक काटा

सांगलीच्या गणपती पेठेतील ज्या दुमजली इमारतीत आमचे वजनकाटे विक्री व दुरुस्तीचे दुकान आहे, तिच्या तळमजल्यावरील सहा गाळ्यांपैकी केवळ आमच्याच गाळ्यावरची पाटी आजोबांच्या काळापासून तीच आहे. १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि शेर-मणांची वजने मोडीत निघाली, तेव्हा नवी वजने व त्यांचे मुद्रांकन (वजन-काटे तपासून त्यांवर सरकारी शिक्का मारून घेणे) एवढ्या कामाच्या भरवशावर आजोबांनी हा गाळा पागडीने घेतला.

शेजारी त्या वेळी हळद-गुळाची अडत होती. पोती तोलण्याचा त्यांचा मोठा तराजू तुळईला साखळीने टांगलेला असे आणि रिकामी पारडी सारखी राहावीत म्हणून हलक्या बाजूस शिशाचा तुकडा बांधलेला असे. हा पासंग काढून दांडी मुळातूनच दुरुस्त करण्याबद्दल आजोबांचा हट्ट असे, कारण शेतकऱ्याची नजर आधी त्या शिशावर जाते. घाऊक व्यापार मार्केट यार्डात गेल्यावर अडत उठली. तेथे किराणा आला, पुढे कापड आले. कापडवाल्यांना काटा लागत नसल्याने त्यांच्याविषयी सांगण्यासारखे माझ्यापाशी फारसे नाही.

कोपऱ्यावरच्या सराफांचा काचेच्या पेटीतील काटा आणि वाटीतल्या लाल गुंजा मी लहानपणी पाहिल्या आहेत. ते वारल्यावर मुलांनी गाळा बेकरीला दिला आणि दुरुस्तीस आलेला तो काटा न्यायला कोणी आले नाही. बेकरीचा काटा इलेक्ट्रॉनिक आहे. दांडीच्या तराजूचे मुद्रांकन दोन वर्षांनी होते, इलेक्ट्रॉनिकचे दरवर्षी करावे लागते, त्यामुळे दुकाने बदलली तरी आमचे काम वाढलेच.

२००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती. तिच्या हातभर वर फळी ठोकून आम्ही ग्राहकांचे काटे त्यावर निर्धास्त ठेवत असू. हा हिशेब चुकला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि फळीही पाण्याखाली गेली. इलेक्ट्रॉनिक काट्यांतले भिजलेले लोडसेल, म्हणजे भार मोजणारे भाग, निकामी झाले, ग्राहकांना निम्म्या किमतीत नवे काटे द्यावे लागले आणि त्यासाठी काढलेले कर्ज फेडण्यात पुढची काही वर्षे गेली. इमारतीतील दोन गाळेधारक तर परत आलेच नाहीत.

सराफांच्या काट्याला मात्र चिखल धुऊन काढण्याखेरीज काही करावे लागले नाही. त्याच्या दुरुस्तीची रक्कम आमच्या वहीत अजून येणे म्हणून उभी आहे.