पंधराचे सोळा

दुपारी सांगलीच्या विश्रामबागेतल्या गच्चीवरच्या खोलीत ऊन तिरकं आलं की टेबलावरच्या कॅरेक्टर शीटमधली, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या खेळात आपल्या पात्राची माहिती लिहायच्या कागदातली, एक जागा आरपार दिसते. सहा चौकोनांपैकी एक. प्रत्येकात पात्राच्या एका क्षमतेचा आकडा, म्हणजे स्कोअर: स्ट्रेंग्थ (बळ), डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा), इंटेलिजन्स (बुद्धी), विज्डम (शहाणपण), करिष्मा (छाप). खोडरबरानं घासून घासून तिथला कागद पोह्याच्या पापडाइतका पातळ झालेला असतो. नाव, वंश, क्लास (पात्राचा पेशा) एकदा लिहिलं की संपलं. हा चौकोन मात्र सारखा पुसायचा आणि सारखा लिहायचा. त्यात निम्म्या वेळा पुसून काही फरक पडत नाही, तरी पुसायची हौस जात नाही.

१५ चे १६ झाले तर फरक. १४ चे १५ झाले तर नुसता आनंद. फाशात मिळवायच्या आकड्याचा, म्हणजे मॉडिफायरचा, हिशेब सगळ्यांना पाठ आहे: स्कोअरमधून १० वजा करा, उरलेल्याचं निम्मं करा, अर्धा उरला तर तो सोडून द्या. सुटे नाहीत म्हणून दुकानदार अर्धा ठेवून घेतो तसा. बदल्यात गोळीसुद्धा मिळत नाही. शून्याच्या खाली गेल्यावर हा 'अर्धा' हमखास चकवतो. ९ म्हणजे उणे अर्धा, पण तो शून्याकडे न जाता उणे एकवर जातो. ७ म्हणजे उणे दोन. नवख्याच्या शीटवर ९ च्या शेजारी शून्य दिसलंच पाहिजे, आणि तीन सेशन ते कोणाच्या लक्षात येत नाही.

विषम आकडा मला मात्र आवडतो. वाढताना तो फुकट जातो हे खरं, पण घसरताना तो उशीसारखा खाली असतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या साडेतीन आवृत्तीत, म्हणजे २००३ च्या, मोठ्या कोळ्याचं विष स्ट्रेंग्थ खातं. १५ वाल्याचा एक गेला तर १४. मॉडिफायर दोनचा दोनच. १४ वाल्याचा तोच एक गेला की क्लाइंब, जंप, स्विम ही तिन्ही स्किलं एकेकानं खाली. वीस बाजूंच्या फाशावर एक म्हणजे पाच टक्के, त्यात काय एवढं, असं वाटतं. पण पोहण्याचं गणित मांडून बघा. फासा आणि स्किल मिळून गाठायचा आकडा: संथ पाणी १०, खळाळतं १५, वादळी २०. स्ट्रेंग्थ १४ आणि स्विमचे ४ रँक (शिकून मिळवलेला आकडा) म्हणजे एकूण ६. खळाळत्या पाण्यात पाच किंवा जास्तनं हुकलं की माणूस पाण्याखाली जातो. सहावाला फाशावर ४ पर्यंत पडलं तर बुडतो, पाचवाला ५ पर्यंत. वीसातल्या चार वेळांच्या पाच झाल्या. अंगात चिलखत असेल तर त्याचा दंड पोहताना दुप्पट, तो वेगळाच. २०१९ च्या पुराचं पाणी कितीचं धरायचं, हे सांगलीच्या टेबलावर कोणी विचारत नाही.

पाचव्या आवृत्तीत स्ट्रेंग्थचा विषम आकडाही थोडा कामाला येतो. ओझं स्कोअरच्या १५ पट पाउंड, म्हणून १४ चे १५ झाले की सात किलो जास्त उचलता येतात. दहा फूट धावून मारलेली लांब उडी स्कोअर असेल तितके फूट. इथे निम्मं नाही की अर्धा सोडणं नाही. मार्केट यार्डातल्या हमालाला पटेल असा हा एवढाच हिशेब. बाकी पाच स्कोअरांच्या नशिबी हे नाही. कॉन्स्टिट्यूशनच्या तर नशिबी एकही स्किल नाही, अठरापैकी शून्य.

पण कॉन्स्टिट्यूशनचं दुसरं एक लाडकं लेकरूपण आहे, आणि तिथं माझं डोकं फिरतं. साडेतीनमध्ये चौथ्या लेव्हलला एक गुण वाढवायला मिळतो. कॉन्स्टिट्यूशन १३ चा १४ केला तर हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या अंगातला जीव, चारही लेव्हलचे वाढतात. मागचे तीन, आताचा एक, रोख चार. तोच गुण चोर क्लासच्या पात्रानं इंटेलिजन्सला लावला, १३ चा १४, तर? आधी दर लेव्हलला ८ अधिक १ असे ९ स्किल पॉइंट मिळायचे, आता १० मिळतील. या लेव्हलपासून. पहिल्या लेव्हलला पॉइंट चौपट असतात, म्हणजे तिथले ४ आणि पुढच्या दोन लेव्हलचे २, असे ६ पॉइंट बुडाले ते बुडालेच. शरीराला मागची थकबाकी व्याजासकट, आणि बुद्धीचं वरातीमागून घोडं. एवढं मात्र बघायचं की लेव्हल चढताना आधी गुण वाढवायचा, मग स्किल पॉइंट वाटायचे. उलटं केलं तर हातातला हक्काचा एकही जातो, आणि ही चूक चांगल्या मुरलेल्यांकडून होते.

२००९ साली पाथफाइंडर हा साडेतीनवर बेतलेला वेगळा खेळ आला आणि तो करणाऱ्यांनी हा अन्याय मिटवला. चौपट काढून टाकलं, आणि इंटेलिजन्स कायमचा वाढला की मागचे रँकही मिळतात. न्याय झाला, पण कटकट आली. डोक्याला बांधायच्या जादूच्या पट्टीनं बुद्धी वाढते. मग ती काढली की शिकलेलं जायचं? त्यांनी पट्टीलाच एक स्किल जोडून दिलं. पट्टी डोक्यावर असेतो ते स्किल येतं, काढली की गेलं. आपल्याकडे परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास असाच असतो, फक्त पट्टी लागत नाही.

साडेतीनमधला माझा सगळ्यात आवडता तक्ता मात्र वयाचा. माणूस ३५ ला मध्यमवयीन, ५३ ला म्हातारा, ७० ला जख्खड. पहिल्या टप्प्याला स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन यांतून प्रत्येकी एक जातो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. बेरीज उणे सहा, म्हणजे मॉडिफायर सरळ तीननं खाली. आणि प्रत्येक टप्प्याला इंटेलिजन्स, विज्डम, करिष्मा एकेकानं वर. साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्यांनी हा तक्ता पाहिलेला नाही. गंमत पुढे आहे. दुरून दिसणं आणि ऐकू येणं ही दोन्ही स्किलं विज्डमवर टांगलेली. म्हणजे ११ विज्डमचा साधा माणूस सत्तरीत १४ वर जातो आणि त्याला तरुणपणापेक्षा दोननं जास्त दिसतं, दोननं जास्त ऐकू येतं. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसलेल्या मंडळींना हा नियम वाचून दाखवावा. दोनदा, जरा मोठ्यानं. समोरून आलेला जावई ओळखायला ज्यांना तो अगदी जवळ यावा लागतो, ते काय म्हणतील ते म्हणोत. समोरचा खोटं बोलतोय हे ओळखण्याचं स्किलही विज्डमवरच आहे, आणि तिथं मात्र नियम शंभर टक्के बरोबर निघतो. जावई अजून ओट्यावर टेकलेला नसतो, आणि हा पैसे मागायला आलाय हे यांना कळलेलं असतं.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीनं खोडरबराचं बरंचसं काम काढून घेतलं. अंगात बैलाचं बळ आणणारा मंत्र पूर्वी स्ट्रेंग्थ चारनं वाढवायचा. आता स्कोअर तोच राहतो, दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. सोय झाली, नाकारत नाही. स्किलही सुटसुटीत: मॉडिफायर आणि शिकलेलं असेल तर प्रावीण्याचे २, जे सतराव्या लेव्हलला ६ होतात. स्कोअर साधारणपणे २० च्या वर जात नाही, म्हणजे मॉडिफायर ५ वर थांबतो. आडात नसलं तरी पोहऱ्यात थोडं येतं ते असं. फक्त शीटवर स्किलपुढे नुसती बेरीज लिहायची जागा आहे. त्यामुळे डेक्स्टेरिटी १६ झाली की लोक चिलखताचा आकडा आणि धनुष्य बदलतात, आणि स्टेल्थ (लपतछपत जाण्याचं स्किल) जुनीच राहते. विज्डम वाढला की पॅसिव्ह पर्सेप्शन (न शोधता सहज ध्यानात येणं), १० अधिक पर्सेप्शन स्किल, कोणी बघतसुद्धा नाही. साडेतीनच्या शीटवर मॉडिफायर, रँक, इतर असे तीन रकाने होते. नव्या शीटवर बेरजेशेजारी पेन्सिलीनं दोन बारीक आकडे लिहून ठेवले तर निम्मे घोळ टळतात. कोणी लिहीत नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आणखी एक सोय आहे, तिच्याकडे फार कमी लोक वळतात. कारागिराच्या अवजारांच्या प्रावीण्याला ठरलेला स्कोअर नाही. मिरजेतला तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घ्या. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा किंचित घासायचं. घासलं ते डेक्स्टेरिटी, ऐकलं ते विज्डम, किती उतार ठेवला की तार माथ्याला कुठे चाटेल हे माहीत असणं इंटेलिजन्स. जास्त घासलं गेलं तर परत भरता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून माथा सपाट करायचा. सत्तरीतल्या अशा माणसाचा हात साडेतीनच्या तक्त्याप्रमाणे तीननं उतरलेला, कान दोननं चढलेला, प्रावीण्य होतं तेवढंच. मग त्याच्या जवारीला नेमका कोणता मॉडिफायर?

टेबलावर यावर अर्धा तास वाद चालतो. शेवटी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणतो, कुठलाही लाव, भडंग मऊ पडायला लागलंय.