दोन तारखांच्या मधला माणूस

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असे पत्र आले आणि डोळ्यांसमोर शाळा नाही, आमचे नागरिकशास्त्राचे सर उभे राहिले. शाळेबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मी सरांबद्दल लिहितो.

साल १९८७. आठवी ब. चाचणीत प्रश्न होता, ‘नगराध्यक्षाची मुदत किती?’ मी लिहिले, ‘आयुष्यभर’. कराडात वाढलेल्या मुलाने दुसरे काय लिहावे? आमच्या घरी नगराध्यक्ष म्हटले की एकच नाव, पी. डी. पाटील साहेब. आजोबा तेच नाव घेत, वडीलही तेच घेत. उत्तर वाचून वर्ग हसला. सर हसले नाहीत. ‘शाळा सुटल्यावर थांब,’ एवढेच म्हणाले.

मला वाटले, छडी. सरांनी कपाटातून जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची वही काढली. पालिकेच्या प्रत्येक निवडणुकीची कात्रणे त्यात खळीने चिकटवलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. मला म्हणाले, ‘नाव लिहू नकोस, ते तुला पाठच आहे. फक्त तारखा उतरवून घे. पद कधी मिळाले, मुदत कधी संपली.’ मी उतरवल्या. मग त्यांनी एका मुदतीचा शेवट आणि पुढच्या निवडणुकीचा निकाल यांच्या मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले. ‘इथे साहेब कोण होते?’

मला सांगता येईना.

‘उमेदवार. तुझ्या आजीपुढे हात जोडून उभा असलेला माणूस. तिने नाही म्हटले असते तर?’

बेचाळीस वर्षे साहेब कराडचे नगराध्यक्ष होते. पेशाने वकील, यशवंतरावांचे विश्वासू, सह्याद्री कारखान्याचे चेअरमन, आमदार. सगळे खरे. पण त्या बेचाळीस वर्षांत किती वेळा त्यांना गावापुढे कोऱ्या पाटीने यावे लागले, हे मला सरांनी शिकवले. सरांना साहेबांचे भारी कौतुक. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आणि १९७५ चे दुर्गाबाई भागवतांच्या अध्यक्षतेखालचे कराडचे साहित्य संमेलन, साहेबांच्या कारकिर्दीतले हे दोन्ही प्रसंग ते डोळ्यांसमोर उभे करून सांगत. तरीही ‘पालिका साहेबांची’ असे कुणी निबंधात लिहिले, की लाल शाईने ‘साहेबांची’ खोडून वर ‘आपली’ लिहीत.

त्याच वर्षी त्यांनी आम्हाला आठ दिवसांचा अभ्यास दिला. आपापल्या पेठेतल्या नळाला पाणी कधी येते, कधी जाते, बादली किती वेळात भरते, ते लिहून आणायचे. मी वडिलांचे घड्याळ घेऊन नळावर बसलो होतो. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

आज मी मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेत पाणीपुरवठा अभियंता आहे. गेल्या वर्षी जुन्या भागातली मुख्य जलवाहिनी बदलून पूर्ण झाली आणि आठ दिवसांआड येणारे पाणी तिसऱ्या दिवशी येऊ लागले. त्या दिवशी पहिल्यांदा सरांना फोन करावासा वाटला. सर जाऊन तोवर चार वर्षे झाली होती.

आता १९९२ च्या घटनादुरुस्तीनंतर नगराध्यक्षपदाचे आरक्षण फिरते असते. माझ्या नोकरीत मी दोन महिला नगराध्यक्षांच्या हाताखाली काम केले, त्यांच्याकडून शिकलो, आणि हा बदल मला मनापासून योग्य वाटतो. पण योजना मंजूर करून घेणारा एक आणि नळ सोडणारा तिसराच, हे पाहताना एकाच खुर्चीतून गाव वाढताना पाहिलेल्या माणसाची आठवण होते. आणि खरी हळहळ वेगळीच आहे. नागरिकशास्त्र आता इतिहासाच्या पोटात गेले. माझ्या मुलीला दहावीत ‘नगरसेवक’ आणि ‘मुख्याधिकारी’ यांतला फरक मला घरी शिकवावा लागला.

सरांच्या कन्येने ती लाल पाठीची वही माझ्या हवाली केली आहे. महोत्सवाला येईन तेव्हा ती शाळेच्या ग्रंथालयात देणार आहे. मुख्याध्यापकांना एकच विनंती, ती काचेच्या कपाटात ठेवू नये. शेवटची अकरा पाने कोरी आहेत. पुढची कात्रणे आठवीच्या मुलांनी चिकटवावीत.