भाचीचं गरोदरपणातलं समुपदेशन दवाखान्याच्या तिसऱ्या फेरीत झालं – माझा अनुभव

माझ्या भाचीला १९ वं चालू आहे. बारावी झाली की लगेच लग्न केलं आणि दिवाळीत कळलं दिवस गेलेत. बहिणीला शेतातनं हलता येईना म्हणून दवाखान्याच्या फेऱ्या माझ्याकडे आल्या. नोंदणी, माता बाल कार्ड, टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन, सोनोग्राफी सगळं आशाताईंनी पटापट करून दिलं, त्यात काहीच अडलं नाही.

हिमोग्लोबिन ८.६ आलं. ११ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. डॉक्टर म्हणाले, वय लहान आहे, समुपदेशन करून घ्या. तिथंच घोडं अडलं.

पहिल्यांदा गेलो तर खोलीला कुलूप, समुपदेशन करणाऱ्या मॅडम ट्रेनिंगला. मग ९ तारखेला गेलो, दर महिन्याच्या ९ ला गरोदर बायांची खास तपासणी असते म्हणून. खोली उघडी होती पण दुसऱ्याच एक ताई रजिस्टर भरत बसलेल्या. मान वर न करता विचारलं, "जेवते का नीट?" भाचीच्या सासूबाई म्हणाल्या, "जेवते की." "गोळ्या?" "घेते." "त्रास काही?" "नाही." झालं, सही घेतली आणि लिहिलं समुपदेशन केले. दोन मिनिटं! पोरीनं तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. मी म्हटलं ताई, हिला एकटीला विचारा ना, तर म्हणे एकेकीला घ्यायला वेळ कुठंय. मला इतका राग आला की घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

तिसऱ्या वेळी आधी आशाताईंना फोन करून मॅडम आहेत का ते विचारलं (हे पहिल्यांदाच करायला हवं होतं, तुम्ही करा). सासूबाईंना औषधाच्या लाईनीत उभं केलं, दोन तास बाकावर बसलो, पण भाची एकटी आत गेली आणि पंचवीस मिनिटांनी रडून डोळे लाल करून पण मोकळी होऊन बाहेर आली.

लोहाच्या गोळ्या ती महिनाभर फेकून देत होती! मळमळायचं, शी काळी व्हायची म्हणून घाबरलेली, आणि घेतली तरी सकाळी चहाबरोबर. जेवायची सगळ्यांच्या शेवटी, उरेल ते. रात्री झोप नाही, कॉलेज सुटलं म्हणून रडायची. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, मलासुद्धा नाही.

मॅडमनी सांगितलं, काळी शी गोळीमुळेच होते, भ्यायचं नाही. गोळी रात्री जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर, चहा तासभर तरी लांब, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. दुपारी डाव्या कुशीवर पडायचं, मैत्रिणींशी बोलायचं, परीक्षेचा फॉर्म भरायचा. मग सासूबाईंना आत बोलवून हिला आधी वाढा म्हणून समजावलं. त्या वाईट नाहीत हो, त्यांना स्वतःला पहिलं मूल सतराव्या वर्षी झालं, त्यांना तरी तेव्हा कुणी काय सांगितलं होतं.

अजून एक, डोकं खूप दुखून डोळ्यापुढे अंधुक झालं, तोंडावर सूज आली, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर थांबायचं नाही, १०२ ला फोन. कमी वयात बीपी वाढून झटके यायची भीती जास्त असते. आणि मन फारच खचलं तर १४४१६ वर टेलिमानसला (सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन) फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

परवा हिमोग्लोबिन ९.८ आलं. आता आत जाताना तीच मला म्हणते, "मावशी, तू बाहेर बस."