तुम्ही विचारलंत म्हणून: मी नुसतं 'छान' का म्हणतो

"सर, हल्ली कुणाचीही कविता ऐकली की तुम्ही नुसतं 'छान' म्हणता. पूर्वी कसे तुटून पडायचात!" जळगावात दर बैठकीनंतर कुणी ना कुणी हे ऐकवतंच. घाबरलात का, असंही विचारून झालंय. घाबरलेलो नाही. म्हणजे, थोडा.

भरिताचे दिवस होते. यावलकडच्या एका मळ्यात आम्ही पंधरा-वीस जण जमलेलो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती, बाया बडगीत ठेचत होत्या. तेवढ्यात मळ्याच्या मालकांनी खिशातून घडी घातलेली वही काढली. पन्नाशीचा माणूस, आयुष्य केळीत गेलेलं. "मला काही येत नाही. चुकलं तर कान धरा, सर."

मी धरला.

कवितेत 'केळी निसवली' असं होतं. मी धुळ्याकडचा, कोरडवाहू. वर्गात ३० वर्षं मराठी शिकवलेली. म्हटलं, "निसवली असा शब्द नाही. विसावली करा. एक मात्रा वाढते, पण चालेल."

बडगीचा आवाज थांबला. ठेचणारी एक मावशी मान वर न करता म्हणाली, "केयी निसवते, सर. तुमच्याकडे काय करते?"

सगळे हसले, मालक सोडून. केळीचा घड बाहेर पडायला लागला की ती निसवली, हे शेजारच्यानं माझ्या कानात सांगितलं. बाग निसवली त्याच महिन्यात लेक सासरी गेली, अशी ती कविता. सगळा भार त्या एका शब्दावर. तिथं मी गप्प बसायचं. पण हसं झालेल्या माणसाला गप्प बसवतं कुठे? लगेच शेवटच्या कडव्यावर घसरलो: रडकं आहे, उसनं आहे, काढून टाका.

"बरोबर आहे, सर," ते म्हणाले. वहीची घडी घातली आणि स्वतःच्या हातानं माझ्या ताटात भरीत वाढलं, वर कळण्याची भाकरी. मी तो होकार समजून पोटभर जेवलो.

'कान धरा' हे रामराम म्हणावं तसं म्हणायचं असतं, हे मला कळायला हवं होतं. मीही वाचण्याआधी 'सांभाळून घ्या' म्हणतोच की. एकदा एकानं नाही सांभाळलं, तर दोन महिने त्याच्याशी बोललो नव्हतो.

लोक मला १९०७ चं जळगावचं कविसंमेलन ऐकवतात. सोळा-सतरा वर्षांचा ठोंबरे तिथं उभा राहिला आणि 'बालकवी' होऊन खाली बसला. तुमच्यासारखा कुणी मात्रा मोजत बसला असता तर? हे मला पटत नाही. पाठ थोपटली म्हणून प्रत्येकाचा बालकवी होत नसतो. आणि 'छान' म्हणून मोकळं होणं हाही माजच, समोरच्याला खरं पेलणार नाही असं आपणच ठरवून टाकायचं. हे मी स्वतःला शंभरदा बजावलंय. पुढच्या बैठकीत पुन्हा 'छान'.

त्या मळ्यातून दर हिवाळ्यात बोलावणं येतं. भरीत असतं, वही नसते. ते शेवटचं कडवं मी आजही काढायला सांगेन. त्यांनी विचारलं तर.