द्झीव्स: लाटव्हियन भाषेतला 'जिवंत'

लाटव्हियन 'द्झीव्स' म्हणजे जिवंत. पहिला उच्चार 'जाळ'मधल्या दंत्य ज-चा. स्-आधीचा व् उ-कडे झुकतो. संस्कृत 'जीव', लिथुआनियन 'गीवास' आणि लॅटिन 'वीवुस' ही त्याचीच भावंडं. मूळ कंठ्य ध्वनी लिथुआनियनने ग म्हणून राखला. ई-पुढे तो लाटव्हियनमध्ये द्झ झाला, संस्कृतात ज. हे दोन्ही बदल एकमेकांपासून स्वतंत्रपणे घडले, आणि मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच वाटते. पाऱ्याला लाटव्हियनमध्ये 'द्झीव्सुद्रब्स', म्हणजे 'जिवंत चांदी' म्हणतात.

विशेषण नामाच्या लिंग, वचन, विभक्तीप्रमाणे बदलतं. शिवाय प्रत्येकाची दोन रूपं असतात: अनिश्चित (कुठलंही एक) आणि निश्चित (ठरावीक तेच). पुल्लिंगी द्झीव्स–द्झीवइस, स्त्रीलिंगी द्झीव–द्झीवा. इथे शेवटचा 'अ' मराठीसारखा गिळायचा नाही, कारण ऱ्हस्व-दीर्घावरच अर्थ ठरतो.

नवशिके हमखास अडखळतात ते 'झिव्स' (मासा) या शब्दावर. शेवटी स् दिसतो म्हणून ते त्याला पुल्लिंगी विशेषण लावतात. पण तो स्त्रीलिंगी. म्हणून कुठलाही जिवंत मासा 'द्झीव झिव्स', आणि 'तो' असं दाखवून म्हटलं की 'ता द्झीवा झिव्स'. दर्शक सर्वनामानंतर निश्चित रूपच येतं.