तुम्ही विचारलंत म्हणून : पाणी कुठून वाहिलं?

बागेतले जुने पुतळे, कलश, बाक, सूर्यतबकड्या मी जमवते हे कळलं की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : ‘ही वस्तू खरंच जुनी आहे, की जुनी दिसावी म्हणून तशी केली आहे, हे तुम्हाला कळतं कसं?’ प्रश्न रास्त आहे. अशा वस्तूबरोबर कागद क्वचितच येतात. ज्या घरात चमच्यांचीसुद्धा यादी असते, तिथे अंगणातल्या पुतळ्याची नोंद कुणी ठेवलेली नसते. शिवाय या वस्तू जागा बदलतात, बैठक बदलतात, तुटतात, सांधल्या जातात. त्यामुळे वस्तूलाच विचारावं लागतं. मी तिला सगळ्यात आधी विचारते ते हे, की तुझ्या अंगावरून पाणी कुठून वाहिलं?

संगमरवरापासून सुरुवात करू, कारण तो काही लपवत नाही. शंभर वर्षं उघड्यावर उभी असलेली संगमरवरी मूर्ती सगळीकडून सारखी झिजत नाही. पाऊस डोक्यावर पडतो, खांद्यांवर, नाकाच्या शेंड्यावर, पुढे आलेल्या गुडघ्यावर. संगमरवर म्हणजे कॅल्साइट, आणि पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते त्याला थोडं थोडं विरघळवून नेतं. त्या जागा पांढऱ्या आणि खरखरीत होतात. बोट फिरवलं तर साखरेसारखे कण हाताला लागतात. हनुवटीखाली, काखेत, वस्त्राच्या चुण्यांच्या आडोशाला मात्र पाऊस पोचत नाही. शहराच्या धुरात उभी राहिलेली मूर्ती असेल तर तिथे गंधकयुक्त हवा आणि दमटपणा पोचतो, कॅल्साइटचं जिप्सम होतं, त्यात काजळी अडकते आणि काळी, कडक खपली धरते. पांढरं कुठे संपतं आणि काळं कुठे सुरू होतं, ती रेघ पावसाने आखलेली असते.

आता बनावट जुनेपणा कसा आणतात ते बघा. सगळ्या अंगाला काळपट रंगाचं पाणी फासतात आणि वरवरचं पुसून घेतात. खळगे काळे राहतात, उंचवटे उजळ होतात. पाहताक्षणी पटतंही. पण पावसाला खळगा आणि उंचवटा हा भेद कळत नाही, त्याला फक्त वर आणि खाली कळतं. माथ्यावरच्या कुरळ्या केसांचे खळगे आभाळाकडे तोंड करून असतात. ते धुतलेले असायला हवेत, नाहीतर तिथे पाणी साचून शेवाळ धरलेलं असायला हवं. आणि कोपराच्या खालच्या बाजूचा उंचवटा आडोशाला असतो, तो काळा असायला हवा. हे उलटं दिसलं की मी पुढे काही विचारत नाही.

शंका उरलीच तर मालकाची परवानगी घेऊन मी तांब्याभर पाणी हळूहळू मूर्तीच्या माथ्यावर ओतते आणि बघत राहते. पाण्याचा आजचा ओघळ आणि दगडावरची जुनी रेघ एकमेकींना जुळतात का? ही परीक्षा मला कुणी शिकवली नाही, बघून बघून सुचली. मोठ्या भिंगापेक्षा तिच्यावर माझा जास्त भरवसा आहे.

दगडफुलाबद्दल मला फार विचारतात. लायकेनचे ते राखाडी, पिवळे, नारिंगी ठिपके म्हणजे वयाचा दाखला, असा समज आहे. दगडाला घट्ट चिकटून वाढणाऱ्या कितीतरी जाती वर्षाला मिलिमीटरभरही पसरत नाहीत, त्यामुळे तळहाताएवढा एकसंध ठिपका दिसला तर मी नक्कीच थबकते. पण सिमेंटच्या नव्या कुंडीवरही लायकेन आनंदाने येतं, आणि ते लवकर यावं म्हणून दही फासण्याची युक्ती बागकाम करणाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. तेव्हा आहे की नाही यापेक्षा कुठे आहे ते बघावं. नारिंगी जातींना पक्ष्यांच्या विष्ठेतलं पोषण मानवतं, म्हणून त्या माथ्यावर, कलशाच्या काठावर, पाखरं बसतात तिथे दाट असतात. चहूकडून सारखं पसरलेलं लायकेन मला खटकतं. त्याच्याखाली डोकावून पाहिलं की अनेकदा साच्याची शिवण आणि हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोकं सापडतात. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं आहे. त्यामुळे ‘सतराव्या शतकातला’ सिंह टवका उडालेल्या जागी पोर्टलँड सिमेंटचा निघाला तर बोलणं तिथेच संपतं.

पण एक दगड असा आहे की त्याच्यापुढे माझी ही सगळी कसोटी उलटी होते, आणि तो मला अतिशय प्रिय आहे. १७६९ मध्ये एलिनॉर कोड या बाईंनी लंडनमधल्या लॅम्बेथला कृत्रिम दगडाचा कारखाना हाती घेतला. त्या काळी एका अविवाहित बाईने असा उद्योग आपल्या नावाने उभा करणं आणि १८२१ मध्ये मरेपर्यंत तो नावारूपाला ठेवणं, ही साधी गोष्ट नव्हती. त्यांचा ‘दगड’ खरं तर भट्टीतली माती. पांढरी चिकणमाती, तिच्यात आधी भाजून कुटलेल्या मातीचा चुरा, गारगोटी, वाळू आणि काचेची पूड. हे मिश्रण साच्यात दाबायचं, आतून पोकळ ठेवायचं, आणि चार-चार दिवस अकराशे अंशांच्या वर भाजायचं. आधी भाजलेली माती पुन्हा भाजली जाते म्हणून त्यांनी त्याला नावही दिलं होतं ‘लिथोडिपायरा’, म्हणजे दोनदा भाजलेला दगड. मूळ मिश्रणात भाजका चुरा असल्यामुळे भट्टीत आकसणं कमी व्हायचं, आणि माणसाहून मोठे पुतळेही वेडेवाकडे न होता बाहेर यायचे.

या दगडावर पावसाचा जोर चालत नाही. लंडनला वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाशी १८३७ सालचा एक पांढरा सिंह उभा आहे, तो याच जातीचा. जवळजवळ दोन शतकं लंडनचा धूर आणि पाऊस खाऊनही त्याची आयाळ अजून ठसठशीत आहे. म्हणूनच कोडचे कलश आणि मुखवटे ‘फारच कोरे दिसतात, नवे असतील’ म्हणून हातचे जाऊ शकतात. तिथे झीज शोधू नये, ठसा शोधावा. बैठकीच्या कडेला किंवा मागे ‘कोड, लॅम्बेथ’ अशी अक्षरं दाबलेली असतात, कधी सालही.

बिडाच्या वस्तूंबाबत मी एकदा फसले आहे. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात पानाफुलांच्या नक्षीचे ओतीव बाक फार निघाले. कोलब्रुकडेलच्या ओतशाळेचा नेच्याच्या आणि ब्लॅकबेरीच्या पानांचा बाक त्यांत सर्वांत ओळखीचा. नक्षी नोंदवलेली असली की १८४२ ते १८८३ या काळात तिच्यावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं एक नोंदणीचिन्ह ओतलेलं असे. ते चिन्ह दिसलं आणि मी बाक घेतला. घरी आणून नीट बघते तर चिन्हातली अक्षरं पुसट, पानांच्या शिरा बोथट. जुन्या बाकावरूनच साचा काढून नवा ओतला होता, आणि चिन्हही त्याबरोबर उतरलं होतं. तेव्हापासून मी मोजपट्टी नेते. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे बाकावरून ओतलेला बाक दीड मीटर लांबीला दीड सेंटिमीटरभर आखूड भरतो. खऱ्याचं माप ठाऊक असलं की पुरे. ॲल्युमिनियमच्या नकलेला तर लोहचुंबकच उत्तर देतो.

सूर्यतबकडीचं थोडक्यात सांगते. तिच्या शंकूची, म्हणजे सावली पाडणाऱ्या पात्याची, कललेली कड आणि तबकडी यांतला कोन, ती जिथे लावायची त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढा असावा लागतो. लंडनसाठीची असेल तर साडेएकावन्न अंश. शोभेसाठी केलेल्या तबकड्यांवर जुनं साल आणि गंभीर वचन कोरलेलं असतं, कोन मात्र कुठल्याच गावचा नसतो.

शिशाच्या मूर्तींविषयी मात्र जीव हळहळतो. अठराव्या शतकात इंग्लंडच्या बागांत त्या शेकड्यांनी होत्या. लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरजवळ मूर्तिकार जॉन चीअरचं आवार अशा मूर्तींनी भरलेलं असे, आणि दगडाच्या वाटाव्यात म्हणून कित्येक मूर्ती रंगवलेल्या असत. पण शिसं सव्वातीनशे अंशांवर वितळतं, आणि लढाई आली की कुणाला ना कुणाला त्याची आठवण होतेच. न्यूयॉर्कमधला ब्रिटनच्या राजाचा, तिसऱ्या जॉर्जचा, शिशाचा पुतळा जुलै १७७६ मध्ये लोकांनी पाडला आणि त्याच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्याची नोंद आहे. ज्या मूर्ती वाचल्या त्या स्वतःच्याच वजनाने वर्षानुवर्षं खाली बसत जातात, घोट्याशी वाकतात. आत आधाराला लोखंडी सळ्या असतात. एखाद्या फटीतून पाणी शिरलं की त्या गंजून फुगतात आणि शिसं आतून फाडतात. शिशाच्या मूर्तीच्या पोटरीवर उभी भेग दिसली तर ती वरवर लिंपू नका. आतली सळी बदलणारा जाणकार शोधा.

आणि एक कळकळीची विनंती. घरी आणल्या आणल्या वस्तू जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका. आम्ल तर नकोच. संगमरवराचा साखरेसारखा झालेला थर त्या फवाऱ्याबरोबर निघून जातो आणि त्याबरोबर नाक, पापणी, नखंही. मऊ ब्रश, साधं पाणी, बाकी वाट पाहणं. आपण काय आणलं आहे हे कधीकधी आपल्यालाच माहीत नसतं. लॉर्ड लिव्हरपूलसाठी १८१९ ते १८२२ च्या दरम्यान कानोव्हा या विख्यात इटालियन शिल्पकाराने घडवलेली पहुडलेल्या मेरी मॅग्डलीनची संगमरवरी मूर्ती २००२ मध्ये बागेतली एक मूर्ती म्हणूनच विकली गेली होती. ती कुणाची हे पुढे कळलं.

माझ्याकडे एक लहानशी संगमरवरी मूर्ती आहे, ऋतूंच्या जोडीतली असावी, हातात कणसं आहेत. घेताना मी तिच्यावर पाणी ओतलं तर ओघळ नाकावरून सरळ छातीवर उतरला. जुनी पांढरी रेघ मात्र डाव्या गालावरून तिरकी खांद्याकडे गेलेली. मी ती जवळजवळ नाकारलीच होती. मग तिला आडवी करून तळ पाहिला. एका कडेला तळ बोटभर जास्त झिजलेला, मातीत रुतल्याचे डाग तिरपे. कितीतरी वर्षं ती डावीकडे कलून उभी होती, आणि नंतर कुणीतरी तिला नव्या बैठकीवर सरळ बसवलं होतं. तांब्या पुन्हा भरला, मूर्ती हाताने तेवढीच कलती धरली, आणि पाणी बरोबर त्या जुन्या रेघेवरून गेलं.

माझ्याकडेही ती सरळच उभी आहे. गेल्या काही पावसाळ्यांत तिच्या नाकाखाली दुसरी एक फिकट रेघ दिसू लागली आहे.