नकाशात बाग, जागेवर बाभळी

मे महिन्यात सोलापुरात दुपारची साइट व्हिजिट ठेवू नये, हे २३ वर्षं व्हॅल्युएशन करणाऱ्याला तरी कळायला हवं. पण बँकेला रिपोर्ट त्याच संध्याकाळी हवा होता. नातवाच्या शिक्षणकर्जाला आजोबांचा प्लॉट तारण ठेवायचा होता, म्हणून त्या आजोबांना, म्हणजे काकांना, गाडीवर मागे बसवलं आणि निघालो.

काका गिरणीतले. घरी तेलुगू, बाहेर मराठी. १९९२ च्या हद्दवाढीनंतर शहर १७८ चौरस किलोमीटरचं झालं आणि कडेच्या रानारानांत ले-आऊट पडले. गिरणी बंद पडल्यावर हाती आलेले पैसे काकांनी त्यातल्या एकात घातले. प्लॉट नंबर ११७. नकाशात बारा मीटरचा रस्ता, कोपऱ्यावर बाग, शाळेची आरक्षित जागा. जागेवर बाभळी, ज्वारीची धसकटं आणि शेळ्यांच्या लेंड्या.

टेप धरायची तर कुठून? हद्दीचे दगड कधीच गेलेले. लोक घराच्या पायात घालतात, चुलीला लावतात. मी नकाशा हातात धरून उभा, तेवढ्यात काका सरळ चालत सुटले, बाभळीच्या फांद्या हातानं सारत. पन्नासेक पावलांवर एक दगड. पांढराशुभ्र, वर निळ्या ऑइलपेंटनं ११७, बाजूला वाळलेलं हळदकुंकू.

"दर दसऱ्याला येतो, साहेब. चुना देतो, नारळ फोडतो."

एवढ्या मोठ्या ले-आऊटमध्ये शाबूत असलेला तो एकच दगड मला दिसला. बाकी प्लॉटवाले बहुतेक परगावचे. खरेदीखत कपाटात ठेवून भाव वाढायची वाट बघणारे.

तिथल्या मोडक्या सावलीत पाणी पीत बसलो आणि मी मोबाइल काढला. रात्री जेवण झालं की उपग्रह नकाशांवर भटकायचं मला वेड आहे (घरात यावर बरंच बोलणं होतं). काकांना कॅलिफोर्निया सिटी दाखवली. मोहावी वाळवंट, अमेरिका. १९५८ मध्ये नॅट मेंडेलसन नावाच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकानं तिथं सुमारे ८० हजार एकर जमीन घेतली. लॉस एंजेलिसच्या तोडीचं शहर वसवायचं म्हणून बाग केली, कृत्रिम तळं खणलं आणि मैलोन् मैल रस्ते आखून प्लॉट विकले. १९६५ मध्ये रीतसर शहर म्हणून नोंदही झाली. आज हद्द आपल्या सोलापूरच्या जवळजवळ तिप्पट, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं १५ हजारांच्या आसपास. जवळच्या हवाई तळामुळे, तुरुंगामुळे थोडीफार वस्ती टिकली. बाकी वाळवंटात वरून नुसत्या रेघा दिसतात, कुणी फक्की मारून ठेवावी तशा.

काकांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. "आमच्यासारखंच की हो."

त्यांचा मुलगा अबुधाबीत एसीच्या कामाला. तिथल्या मसदरबद्दल काकांनी त्याच्याकडून ऐकलेलं: ५० हजार माणसांचं शहर, गाड्यांना बंदी, २०१६ ला पूर्ण होणार होतं, ते आता २०३० वर गेलंय. लोकांना न्यायला इमारतींखालून बिनड्रायव्हरचे डबे सोडले होते, ते पहिल्या तुकड्यातच थांबले. तेलाचा पैसा असूनही तारीख पुढं जाते, हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

माझ्या मते दोष वाळवंटाचा कमी. रस्ता आखायला फक्की पुरते. पाण्याला पाइप लागतो आणि माणूस राहायला रोजगार. या दोन गोष्टी येण्याआधी प्लॉट विकून झाला की विकणाऱ्याला पुढची घाई राहत नाही.

टेप लावली. दगडापासून मागची हद्द जवळजवळ बरोबर निघाली. रिपोर्टात 'पोच रस्ता' असा रकाना असतो. तिथं 'मंजूर नकाशात आहे, जागेवर नाही' असं लिहिलं आणि भाव रेडी रेकनरच्या (सरकारी दराच्या) खाली धरला. काकांना तो आकडा तिथंच सांगितला. बँकेतून ऐकण्यापेक्षा बरं. ते काही बोलले नाहीत. उरलेलं पाणी त्यांनी दगडावर ओतलं.

परत येताना हायवेला लागल्यावर मागून खांद्यावर थाप पडली.

"साहेब, ते पंधरा हजार लोक राहतात म्हणालात, त्यांना पाणी किती दिवसाआड येतं हो?"